पारद: देहसिद्धी आणि विषबाधा

पाऱ्याची विषबाधा हा जितका वैद्यकाचा विषय आहे, तितकाच तो दर्शनशास्त्राचाही आहे. जे द्रव्य मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे निकामी करते, त्याच द्रव्याला भारतातल्या एका शैव दर्शनाने जीवन्मुक्तीचे साधन मानले. हे रसेश्वर दर्शन. या परंपरेत पाऱ्याला रस, रसेंद्र, सूत, पारद अशी नावे आहेत आणि त्याचे स्थान औषधाच्या वरचे, देवतेचे आहे. यातून तीन प्रश्न निघतात. देहाला घातक ठरणारे द्रव्य देह अविनाशी करते, असे मानण्यामागे कोणता विचार होता? त्या परंपरेला पाऱ्याचा अपाय ठाऊक होता का? आणि विषबाधा कशी सुरू होते, कशी ओळखतात, तिच्यावर काय इलाज करतात हे कळल्यानंतर त्या विचाराचे काय उरते?

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात हे प्रश्न नुसते पोथीतले राहत नाहीत. हरसूल हे या तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे बाजाराचे गाव. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती आहे. तालुक्याचे गाव म्हणजे ज्योतिर्लिंगाचे त्र्यंबकेश्वर. तिथल्या दुकानांत रुद्राक्ष आणि स्फटिकांच्या शेजारी पारद शिवलिंगेही विकायला असतात. गावालगतच्या ब्रह्मगिरी डोंगरावरच्या नाथपरंपरेत कायासिद्धीचा, म्हणजे देह पक्का करण्याचा, विचार आहे, पाड्यावर बाधा उतरवणारा भगत आहे आणि हरसूलमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. देह म्हणजे काय आणि तो कशाने बिघडतो, याची तीन वेगवेगळी उत्तरे इथे एकाच रस्त्यावर भेटतात.

रसेश्वर दर्शनाची भूमिका

चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ हा ग्रंथ रचला. चार्वाकापासून आरंभ करून त्यांनी एकेक दर्शन त्याच दर्शनाच्या बाजूने मांडले. त्यांत नववे स्थान रसेश्वर दर्शनाचे. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी स्वतःच्या संस्कृत टीकेसह संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२४ साली प्रसिद्ध केली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या अभ्यासकाला हे दर्शन सहज हाताशी आले.

जीव हा परमेश्वराहून वेगळा नाही, हे इतर अद्वैती शैवांचे मत रसेश्वरवाद्यांनाही मान्य आहे. त्यांचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. इतर दर्शने सांगतात ती मुक्ती देह पडल्यानंतरची आहे. ती कोणी पाहिली? मेल्यानंतर मिळणाऱ्या वस्तूची ग्वाही देता येते, पण ती दाखवता येत नाही. मुक्ती खरी असेल तर ती जिवंतपणी, याच देहात अनुभवाला यायला हवी. ज्ञान हवे तर योगाभ्यास हवा, अभ्यासाला दीर्घ काळ हवा, आणि दम्याने, खोकल्याने, म्हातारपणाने पोखरलेल्या देहाला तेवढा अवधी मिळत नाही. बालपण अजाणतेपणात जाते, तारुण्य विषयांत जाते आणि उरलेल्या वयात बुद्धीच चालत नाही. म्हणून आधी देह स्थिर करायचा, मग मुक्तीची भाषा करायची.

यावर पूर्वपक्ष उभा राहतो: त्वचा, रक्त, मांस, हाडे यांचा बनलेला देह नित्य कसा होईल? उत्तर असे, की हा देह तसाच टिकत नाही, त्याच्या जागी दिव्य देह घडवावा लागतो. पारा हे शिवाचे तेज आणि अभ्रक हे गौरीचे. दोहोंच्या संयोगातून घडलेला देह शिवशक्तीचाच असल्याने त्याला जरामरण नाही. गोविंद भगवत्पादांचे ‘रसहृदयतंत्र’, शिवपार्वतीसंवादाच्या रूपातला ‘रसार्णव’ आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेला ‘रसरत्नसमुच्चय’ हे या विचाराचे प्रमुख ग्रंथ.

या मांडणीचा गाभा ध्यानात घेण्यासारखा आहे. देहाला तुच्छ लेखणाऱ्या वैराग्याच्या विरुद्ध ही भूमिका आहे. देह हे बंधन नसून साधन आहे आणि मुक्तीचा पुरावा देहातच मिळायला हवा, असा तिचा आग्रह आहे. पुढची सारी चर्चा या आग्रहावर येऊन ठरते.

ब्रह्मगिरी आणि कायासिद्धी

निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा अनुग्रह ब्रह्मगिरीवरच्या गुहेत झाला, अशी परंपरा आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव असा हा क्रम. नाथ आणि रससिद्ध यांच्या याद्यांत अनेक नावे सामाईक आहेत, कारण ध्येय एकच होते: देह पिकवणे, पक्का करणे. मार्ग मात्र दोन होते. पारा आणि प्राण हे दोघेही चंचल, आणि दोघांनाही बांधले तर देह स्थिर होतो, असे रसग्रंथ आणि हठयोगाचे ग्रंथ दोन्ही सांगतात. रससिद्धांनी पारा बांधण्याचा प्रयत्न केला, योग्यांनी श्वास.

पहिला मार्ग प्रत्यक्षात चालू होता याची साक्ष तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने दिली आहे. पारा आणि गंधक यांचे पेय महिन्यातून दोनदा घेणारे आणि त्यामुळे दीडशे-दोनशे वर्षे जगतात असे मानले जाणारे योगी भारतात आहेत, असे त्याने लिहून ठेवले. याच सुमारास, १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी झाल्यावर देहात होणारे पालट सविस्तर आले आहेत: जुनी कांती जाते, नवी येते, देह तेजाचा होतो. कायासिद्धीची सारी चित्रे तिथे आहेत, पण पाऱ्याला तिथे जागा नाही. ते काम प्राणाकडे आणि गुरुकृपेकडे आहे. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, पुढच्या वर्षी निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी. पौष वद्य एकादशीला तिथे भरणारी यात्रा ही समाधीची यात्रा आहे. देह टिकवून ठेवणे ही सिद्धीची कसोटी मानायची नाही, असा निर्णय वारकरी परंपरेने कृतीतून दिला.

रसग्रंथांना ठाऊक असलेले विष

पारा विषारी आहे, हे रसशास्त्राला ठाऊक नव्हते असे म्हणणे चुकीचे ठरेल. ‘रसरत्नसमुच्चय’ पाऱ्याचे दोष मोजूनमापून सांगतो. विष, वह्नी आणि मल हे तीन नैसर्गिक दोष. त्यांपासून अनुक्रमे मरण, दाह आणि मूर्च्छा. नाग आणि वंग, म्हणजे शिसे आणि कथील, यांच्या भेसळीचे दोन यौगिक दोष. त्यांखेरीज पर्पटी, पाटनी, भेदी अशी सात आवरणे, सप्तकंचुक, वेगळीच. अशुद्ध पारा पोटात घेणे निषिद्धच आहे.

हे दोष घालवण्यासाठी अठरा संस्कार सांगितले आहेत. स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन, रोधन, नियमन आणि दीपन हे पहिले आठ रोगनाशाच्या औषधांसाठी पुरेसे मानतात. पुढचे दहा देहसिद्धीच्या वाटेवरचे आहेत आणि त्यांतला शेवटचा सेवनाचा. सेवनाआधी शरीर शोधून तयार करायचे, त्याला क्षेत्रीकरण म्हणतात. सेवनकाळात कोहळा, काकडी, कलिंगड, कारले अशा ‘क’ने सुरू होणाऱ्या आठ वस्तू वर्ज्य.

औषधी योगांत पारा बहुधा गंधकाशी बांधलेला असतो. दगडी खलात पारा आणि गंधक एकत्र घोटायला घेतले की आधी पिवळ्या पुडीत पाऱ्याचे मणी सैरावैरा पळतात. तासन्‌तास घोटल्यावर ते दिसेनासे होतात आणि काजळासारखी काळी, मऊ पूड उरते. ती कज्जली. चिमूटभर कज्जली पाण्याच्या थेंबात बोटावर चोळून उन्हात धरायची; एखादा जरी कण चकाकला तरी घोटणे अपुरे आहे असे समजायचे. चकाकी उरली नाही की ती निश्चंद्र झाली. हीच कज्जली मातकापडाचे सात लेप दिलेल्या काचेच्या कुपीत भरून वाळूच्या यंत्रात क्रमाक्रमाने तापवली की कुपीच्या गळ्याशी लाल रससिंदूर जमतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही पदार्थ पाऱ्याचे सल्फाइड आहेत. ते पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, म्हणून पाऱ्याच्या इतर क्षारांपेक्षा पोटातून पुष्कळच कमी शोषले जातात. मात्र ‘कमी’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे नव्हे, आणि न बांधला गेलेला मोकळा पारा किती उरला, हे केवळ डोळ्यांना कळत नाही.

विषबाधेची सुरुवात

पारा शरीरात कसा शिरतो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. धातुरूप पारा गिळला गेला तर त्याचा दहा हजारांत एक भागही रक्तात उतरत नाही. धडधाकट आतड्यातून तो बहुतेक जसाच्या तसा बाहेर पडतो. तोच पारा वाफेच्या रूपाने श्वासात गेला तर सुमारे ८० टक्के फुप्फुसातून थेट रक्तात जातो. पाऱ्याच्या विरघळणाऱ्या क्षारांचे शोषण साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते, तर माशांतून येणाऱ्या मिथाइल पाऱ्याचे ९० टक्क्यांहून अधिक. म्हणून पारा गिळलेल्या मुलापेक्षा बंद खोलीत पारा तापवणाऱ्या माणसाला धोका जास्त असतो.

पाऱ्याची वाफ रंगहीन आणि गंधहीन असते. साध्या तापमानालाही पारा सावकाश उडत राहतो. तापवला तर झपाट्याने. ही वाफ स्निग्ध पदार्थांत मुरते, त्यामुळे मेंदूभोवतीची आणि वारेची राखण ओलांडून ती पलीकडे पोचते. आत गेल्यावर पेशी तिचे भारित पाऱ्यात रूपांतर करतात आणि मग तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. प्रथिनांत जिथे जिथे गंधकाचे गट असतात तिथे पारा घट्ट चिकटतो आणि ते प्रथिन काम करेनासे होते. शरीरातला निम्मा पारा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात.

एकदम पुष्कळ वाफ शरीरात गेली तर काही तासांतच खोकला, धाप, छातीत दुखणे, ताप आणि तोंडाला धातूची चव अशी लक्षणे दिसतात. न्यूमोनियासारखे वाटणारे हे दुखणे जिवावर बेतू शकते. विरघळणारे क्षार पोटात गेले तर तोंड आणि अन्ननलिका भाजते, रक्ताचे जुलाब होतात, मागोमाग मूत्रपिंडे बंद पडतात.

थोडा थोडा पारा महिनोन्‌महिने शरीरात जात राहिला, तर सुरुवात इतकी हळू होते की कोणाच्या ध्यानात येत नाही. आधी बोटे थरथरतात; चहाचा कप धरताना बशी वाजते, अक्षर बिघडते, सही जुळत नाही. मग पापण्या आणि ओठ. हिरड्या सुजतात, लाळ सुटते, दात हलतात. झोप उडते, विस्मरण होते. हसतमुख माणूस बुजरा होतो, चारचौघांत जायला टाळतो, मध्येच क्षुल्लक कारणावरून भडकतो. स्वभावातला हा पालट पाऱ्याच्या जुनाट विषबाधेचे खास लक्षण मानला जातो. लघवीतून प्रथिने जाऊ लागली की पायावर आणि चेहऱ्यावर सूज येते. लहान मुलांचे हातपाय लाल होऊन दुखतात, कातडी सोलवटते, घाम सुटतो, रक्तदाब चढतो. दात येताना दिल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या पुड्यांमुळे इंग्लंडमध्ये हा आजार सर्रास दिसे. १९५०च्या दशकात त्या पुड्या बंद झाल्या आणि आजारही ओसरला.

हरसूलसारख्या भागात पाऱ्याशी गाठ पडण्याच्या वाटा मोजक्या आहेत. पहिली फुटलेल्या थर्मामीटरची किंवा पाऱ्याच्या रक्तदाबयंत्राची. फरशीवर सांडलेला पारा कागदाच्या तुकड्यांनी एकत्र लोटता येतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र त्याचे मणी भेगांत उतरतात, केरसुणी फिरवली की आणखी बारीक होतात आणि चुलीच्या उबेने तिथेच उडत राहतात. दुसरी वाट कोणाच्या देखरेखीविना, वर्षानुवर्षे घेतलेल्या रसौषधींची. तिसरी पारद शिवलिंगाची. शुद्ध पारा उणे ३९ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याशिवाय घट्ट होत नाही. म्हणजे हातात घेता येणारे कोणतेही पारद शिवलिंग हे पाऱ्याचा दुसऱ्या धातूशी केलेला मिश्रधातू असते. तो दुसरा धातू चांदी आहे, कथील आहे की शिसे, हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही. अशा लिंगावर दूध-दही-लिंबासारखे पदार्थ ओतून ते तीर्थ म्हणून पिणे, किंवा ते दुधात ठेवून ते दूध पिणे, यांत दोन्ही धातू पोटात जाण्याचा संभव असतो.

लक्षणाचा अर्थ कोण लावतो

थरथर, लाळ, बदललेला स्वभाव ही झाली लक्षणे. त्यांचा अर्थ ज्याच्या त्याच्या चौकटीप्रमाणे लावला जातो आणि विषबाधेच्या इतिहासातले मोठे अनर्थ इथेच घडले आहेत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या उपदंशाला भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त फिरंग रोग हे नाव मिळाले आणि त्यावर रसकापूर म्हणजे पाऱ्याचे क्लोराइड सांगितले गेले. युरोपात त्याच काळी त्याच रोगावर पाऱ्याचेच लेप आणि धुऱ्या चालत. तिथल्या वैद्यांची समजूत अशी होती की रोग्याच्या तोंडातून भरपूर लाळ वाहू लागली म्हणजे रोगाचे विष बाहेर पडते आहे. विषबाधेचे पहिले लक्षण बरे होण्याची खूण ठरले. लाळ थांबली तर मात्रा वाढवली जाई. चीनमध्ये अमृत म्हणून हिंगुळाचे, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचे, योग घेणाऱ्या तांग घराण्यातल्या एकाहून अधिक सम्राटांचा मृत्यू त्याच अमृताने झाल्याचे इतिहासकार मानतात. देह दिव्य होऊ लागल्याचा भास आणि मज्जासंस्था ढासळू लागल्याचा त्रास यांतले अंतर घेणाऱ्याला आतून कळत नव्हते.

भगताच्या चौकटीत स्वभाव एकाएकी पालटणे, झोप उडणे, अंग कापणे ही बाहेरच्या बाधेची चिन्हे ठरतात. उतारा टाकला, कोंबडे दिले, तरी पाऱ्याचा स्रोत घरातच राहिला तर कंप थांबत नाही. इथे भगताला दोष देऊन काही साधत नाही, कारण हीच लक्षणे दवाखान्यातही सहज थायरॉइडच्या, दारूच्या किंवा मानसिक आजाराच्या खात्यावर जमा होतात. पारा आठवला तरच पाऱ्याची तपासणी होते. म्हणून घरात काय सांडले, कोणती पुडी चालू आहे, काय पूजले जाते आणि त्यातले काय प्यायले जाते, हे विचारणे हाच निदानाचा पहिला भाग.

निदान आणि उपचार

धातुरूप पारा आणि त्याचे क्षार यांच्यासाठी लघवीची तपासणी करतात, शक्यतो चोवीस तासांच्या लघवीची. सर्वसाधारण माणसात ते प्रमाण लिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या आत असते. १००च्या वर गेल्यास मज्जासंस्थेची लक्षणे दिसण्याची शक्यता बरीच वाढते. मिथाइल पारा मुख्यतः विष्ठेवाटे जात असल्याने त्यासाठी रक्त तपासावे लागते. पारा बाहेर काढणारे औषध आधी देऊन मग लघवी तपासण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. तिने आकडा फुगतो आणि निदान फसते. हरसूलच्या रुग्णालयात रुग्ण तपासून, लघवीतली प्रथिने पाहून संशय घेता येतो. पुढची तपासणी नाशिक किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेतच करावी लागते.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे स्रोतापासून सुटका. पारा सांडला असेल तर मुलांना बाहेर काढायचे, दारे-खिडक्या उघडायच्या, केरसुणी आणि व्हॅक्युम क्लीनर दोन्ही टाळायचे, मणी कागदाने लोटून किंवा ड्रॉपरने उचलून झाकणाच्या बाटलीत भरायचे. भेगांत गंधकाची पूड टाकली तर उरलेला पारा काही प्रमाणात बांधला जातो. मातीची जमीन असेल तर वरचा थर खरवडून काढणेच बरे. पुष्कळांचा त्रास एवढ्यानेच हळूहळू ओसरतो.

त्रास जास्त असेल किंवा शरीरातले प्रमाण मोठे असेल तर धातू पकडून लघवीवाटे बाहेर नेणारी औषधे देतात. यांतले जुने डायमरकॅप्रॉल. दुसऱ्या महायुद्धात ल्युइसाइट या आर्सेनिकयुक्त वायूवर उतारा म्हणून ते ऑक्सफर्डमध्ये शोधले गेले. ते स्नायूत टोचावे लागते आणि मिथाइल पाऱ्याच्या बाधेत वर्ज्य आहे, कारण त्याने पारा उलट मेंदूकडे सरकू शकतो. आज सक्सिमर (डीएमएसए) आणि डीएमपीएस या दोन औषधांना पसंती आहे. सक्सिमर तोंडाने देतात. त्याचा नेहमीचा क्रम १९ दिवसांचा. भारतात डी-पेनिसिलामाइनही वापरले जाते. या काळात मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. ती बंद पडली तर डायलिसिस लागते. फुप्फुसाला इजा झाली असेल तर ऑक्सिजन आणि प्रसंगी व्हेंटिलेटर. हिरड्या आणि मूत्रपिंडे बहुधा सुधारतात, कंप कमी होतो. मेंदूला झालेली इजा मात्र पुष्कळदा भरून येत नाही. म्हणून औषध सुरू करण्यापेक्षा संशय लवकर घेणे अधिक मोलाचे.

या चारही औषधांच्या रेणूंत पारा पकडणारा गट गंधकाचा आहे. पाऱ्याने विकार झाल्यास शुद्ध गंधक द्यावा, असे रसग्रंथही सांगतात. दोघांनी पाऱ्याची गंधकाशी असलेली तीच ओढ हेरली. तरीही दोन्ही उपाय सारखे ठरत नाहीत. गिळलेला गंधक रक्तात मुरलेल्या आणि प्रथिनांना चिकटलेल्या पाऱ्यापर्यंत पोचून तो सोडवतो, याला पुरावा नाही. सक्सिमर ते करतो हे लघवीत मोजता येते. निरीक्षण बरोबर असले तरी उपाय वेगळा सिद्ध करावा लागतो.

प्रमाणाचा प्रश्न

आता दर्शनाकडे वळता येते. पाऱ्याच्या अपायासंबंधी नेहमी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक असे, की नीट शोधलेला पारा विष राहतच नाही. अपाय झाला तर शोधन चुकले. दुसरे असे, की सारे रसशास्त्र म्हणजे अज्ञान.

पहिल्या मतात एक अडचण आहे. बरे वाटले तर श्रेय संस्कारांचे, वाईट झाले तर दोष करणाऱ्याचा, असे ठरले की कोणताही अनुभव त्या मताला खोटे पाडू शकत नाही. ज्याला खोटे पाडता येत नाही ते अनुभवावर उभे आहे असेही म्हणता येत नाही. मग रसेश्वर दर्शनाने इतर दर्शनांवर घेतलेला आक्षेप, की तुमची मुक्ती कोणी पाहिली नाही, त्याच्याच अंगावर उलटतो.

दुसरे मत घाईचे आहे. रसग्रंथांनी देहसिद्धीच्या आधी एक कसोटी ठेवली होती. सिद्ध झालेला पारा आधी धातूवर पारखायचा. हलक्या धातूचे सोने करण्याची शक्ती त्यात आली, म्हणजे वेध सिद्ध झाला, तरच तो देहात घ्यायचा. न्यायाच्या परिभाषेत हे अनुमान आहे: हा पारा देह दिव्य करील, कारण तो धातू वेधतो. या अनुमानातला हेतू दोन्ही अंगांनी लंगडा आहे. जे धातूला वेधते ते देहालाही वेधते, ही व्याप्ती कुठे पाहिलेली नाही. म्हणून हेतू व्याप्यत्वासिद्ध. आणि तांब्याचे सोने पाऱ्याने होत नाही, कारण मूलद्रव्याची ओळख अणुकेंद्रात असते आणि कोणत्याही भट्टीची आच तिथवर पोचत नाही. म्हणून हेतू पक्षातच नाही, स्वरूपासिद्ध. वेधाची अट पुरी न झालेला पारा देहसिद्धीसाठी घ्यायचा नाही, हा ग्रंथांचाच नियम आहे. तो काटेकोरपणे पाळला तर त्यासाठी पारा घेण्याची वेळ कधी येतच नाही.

रोगनिवारणाच्या औषधांचा प्रश्न यापासून वेगळा ठेवायला हवा. तिथे दावा अमरत्वाचा नाही, दुखणे कमी होण्याचा आहे, आणि तो इतर औषधांप्रमाणेच मात्रा, मुदत, लाभ आणि अपाय यांच्या मोजणीवर तोलता येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१मध्ये पारा येतो. असे द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा छापणे बंधनकारक आहे. केवळ वनस्पतीजन्य म्हणून निर्यात होणाऱ्या औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. त्यात पाऱ्याची मर्यादा दशलक्षात १ भाग आहे. त्याआधी २००४ साली बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता.

नैतिक बाजूही वेगळी आहे. रससिद्धाच्या वाटेवरचा साधक दीक्षा घेऊन, धोका जाणून, स्वतःच्या देहावर प्रयोग करी. ज्याला गुडघेदुखी थांबवायची आहे, त्या शेतकऱ्याने ही दीक्षा घेतलेली नसते. पुडीत काय आहे हे त्याला माहीत नसते, आणि गर्भातल्या मुलाला तर विचारताही येत नाही. स्वतः पत्करलेली जोखीम आणि दुसऱ्यावर न सांगता टाकलेली जोखीम यांना एकच धार्मिक आधार पुरत नाही. जगाने यावर कायद्याचे उत्तरही शोधले: जपानमधल्या मिनामाता इथल्या, १९५६ साली उघडकीला आलेल्या विषबाधेचे नाव धारण करणारा पाराविषयक करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अंमलात आला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. पाऱ्याची थर्मामीटर आणि रक्तदाबयंत्रे रुग्णालयांतून हद्दपार होत आहेत ती त्याच दिशेने.

पूजेच्या बाबतीत निर्णय सोपा आहे. लिंगाची पूजा भावाची आहे आणि ती दगडाच्या, मातीच्या, वाळूच्या लिंगालाही तितकीच पोचते, हे शैव परंपरेला मान्य आहे. पारद शिवलिंग देव्हाऱ्यात असेलच तर ते तापवू नये, त्यावरून आलेले पाणी-दूध पिऊ नये, मुलांच्या हाती देऊ नये. एवढ्याने पूजेत काही उणे पडत नाही.

मुक्ती असो वा आरोग्य, साक्ष देहातच मिळाली पाहिजे, हा रसेश्वर दर्शनाचा आग्रह आजही टिकण्याजोगा आहे. त्याच आग्रहाने पाहिले तर थरथरणारी बोटे, सुजलेल्या हिरड्या आणि लघवीतला पारा हीही देहाचीच साक्ष आहे. ती ऐकून पारा बंद करणे आणि रुग्णाला दवाखान्यात नेणे यात त्या दर्शनाचा अव्हेर होत नाही. त्याने स्वतःच घातलेली अट पाळली जाते.